नदी फुगली, म्हणून पाऊस पडला?

गोव्यातल्या सांखळीच्या बाजारात वाळवंटी नदीचं पाणी चढायला लागलं की दुकानदार आधी पोती वर उचलतात आणि मग एकमेकांना विचारतात, ‘वर पडला काय?’ वर म्हणजे चोर्ला घाटाच्या बाजूला. बहुतेक वेळा पडलेला असतोच. पण कधी अंजुणे धरणातून पाणी सोडलेलं असतं, कधी पुलाखाली ओंडका अडकून पाणी मागे तुंबलेलं असतं, आणि खालच्या अंगाला तर अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीनेही नदी फुगते. पाऊस पडला की नदी फुगते हे खरं. नदी फुगली म्हणजे पाऊसच पडला, हे तितकं खरं नाही.

हा आक्षेप माझा नाही, फार जुना आहे. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, अनुमानाची चर्चा चालते तिथे पावसाच्या तीन खुणा येतात : नदीचा पूर, अंडी घेऊन निघालेल्या मुंग्या आणि मोराचा आवाज. पूर्वपक्षी, म्हणजे आक्षेप घेणारा, म्हणतो, नदी अडवली तरी फुगते, वारूळ मोडलं तरी मुंग्या अंडी हलवतात, आणि मोराचा आवाज माणूसही काढतो. मग अनुमानाला प्रमाण का मानायचं? नैयायिकाचं, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्याचं, उत्तर मला फार आवडतं. पावसाचा पूर वेगळा ओळखू येतो, तो म्हणतो : त्याला ओढ असते, फेस असतो, पानं-लाकडं वाहत येतात. म्हणजे नुसतं ‘पाणी वाढलं’ एवढ्यावर थांबू नका, खूण नीट बघा. यावरून ‘बघा, आपल्याकडे सगळं आधीच होतं’ असं म्हणायची मात्र कुणी घाई करू नये. नैयायिकांकडे आकडा नव्हता. शंभर पुरांपैकी किती पावसाचे आणि किती बांधाचे, हे मोजायचं त्यांनी मनावर घेतलं नाही. ते मनावर घ्यायला अठरावं शतक उजाडलं, आणि तेही दुसरीकडे.

आता हे सगळं आठवायचं कारण लग्न. गोव्यात लग्न आधी रजिस्ट्रारच्या कार्यालयात होतं आणि मग मांडवात किंवा इगर्जीत (चर्चमध्ये). पोर्तुगीज काळापासून चालत आलेली ही रीत आहे : पहिली सही, मधे काही दिवस, मग दुसरी सही. २००६मध्ये राज्य सरकारने लग्नाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची करायचं ठरवलं, तेव्हा ती घुसणार होती ती या दोन सह्यांच्या मधल्या फटीत. पुढे विषय थंडावला, विझला नाही. २०२५मध्ये मेघालयातही अशाच कायद्याची चर्चा झाली. आमच्याकडे कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपासून सभागृहापर्यंत कुणालाही विचारा, दहातले आठ जण म्हणतील, ‘करा की, त्यात वाईट काय? एक रक्ताची चाचणी.’

मी बारावीला गणित शिकवण्यात नोकरी घालवली. माझं मत आहे की ही सक्ती येऊ नये. माणसाच्या खासगीपणाचा मुद्दा आहेच, आणि तो मांडणारे माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत. मला बोलायचं आहे ते आकडेमोडीबद्दल. ही आकडेमोड गेली अडीचशे वर्षं जगाने कधी उचलली, कधी टाकली, आणि आपण सार्वजनिक निर्णय घेताना तिचा उपयोग फारसा करत नाही.

गोंयकाराला ही आकडेमोड न शिकता येते, हे आधी सांगतो. सकाळी साडेसहाला रस्त्यावर पोंपों वाजलं की आतून कुणीतरी पिशवी घेऊन पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, धावतं. तेच पोंपों दहाला वाजलं की ताट घेऊन मासळीवाल्याकडे. भोंगा एकच, आवाज एकच. कानाने दिलेल्या पुराव्यात काही फरक नाही. फरक आहे तो त्या वेळेला दारात कोण यायची शक्यता जास्त, या आधीच्या माहितीत. खुणेचा अर्थ एकट्या खुणेत नसतो. खूण दिसायच्या आधी काय परिस्थिती होती, ती जमेला धरूनच खूण वाचायची असते. हे आपण अर्धवट झोपेत बरोबर करतो. चाचणीचा कागद हातात आला की मात्र विसरतो.

बारावीच्या गणिताच्या एनसीईआरटी पुस्तकात संभाव्यतेच्या प्रकरणात एक उदाहरण असायचं, आणि ते नेमकं एचआयव्हीचंच. ज्यांना लागण आहे त्यांपैकी ९० टक्क्यांना चाचणी पकडते. ज्यांना नाही त्यांपैकी १ टक्क्याला ती चुकून ‘आहे’ म्हणते. मोठ्या लोकसंख्येत लागण ०.१ टक्का लोकांना आहे. त्यातून कुणीही एक माणूस उचलला, त्याची चाचणी ‘आहे’ अशी आली, तर त्याला खरोखर लागण असण्याची शक्यता किती? वर्गात मी आधी हात वर करायला सांगायचो. नव्वद टक्के म्हणणारे सर्वांत जास्त. उत्तर आहे सुमारे ०.०८३. म्हणजे शंभरात आठ. बाकीचे ब्याण्णव निरोगी.

मुलांना वाटायचं पुस्तकात छपाईची चूक आहे. मुलांना हसू नये. १९७८मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या रुग्णालयांतल्या ६० डॉक्टरांना आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना असाच प्रश्न विचारला गेला : आजार हजारात एकाला, चाचणी निरोग्यांपैकी ५ टक्क्यांना चुकून पकडते, तर पकडलेला माणूस खरोखर आजारी असण्याची शक्यता किती? बरोबर उत्तर सुमारे २ टक्के. ते देणारे ११ निघाले. ९५ टक्के म्हणणारे २७.

गंमत अशी की ही चूक हुशार माणसांकडून होते, कारण ती अडाणीपणाची चूक नाहीच, दिशेची आहे. ‘आजाऱ्यांपैकी किती जणांची चाचणी होकारार्थी येते’ आणि ‘चाचणी होकारार्थी आलेल्यांपैकी किती आजारी असतात’ ही दोन वाक्यं बोलताना जवळजवळ सारखी वाटतात. गोव्यातले बहुतेक पोदेर सायकलवरून येतात. म्हणून गोव्यातला प्रत्येक सायकलवाला पाव विकत नाही.

गणितज्ञांनाही ही दिशा उलटवायला वेळ लागला. याकोब बर्नुलीचा ग्रंथ तो वारल्यानंतर आठ वर्षांनी, १७१३मध्ये छापला गेला. त्यातल्या मुख्य सिद्धान्तावर आपण वीस वर्षं विचार करत होतो असं त्याने लिहून ठेवलंय. तो सिद्धान्त सरळ वाटेचा होता. माठात तीन भाग पांढरे आणि दोन भाग काळे खडे आहेत हे आपल्याला माहीत आहे. पुष्कळ वेळा खडा काढून परत टाकला तर पांढऱ्यांचं प्रमाण तीन-पंचमांशाच्या किती जवळ येईल? बर्नुलीला खरी ओढ होती ती उलट्या वाटेची. आयुष्यात माठ झाकलेलाच असतो. दिसतात ते हातात आलेले चार खडे, आणि त्यावरून आत काय आहे ते सांगायचं असतं.

झाकलेल्या माठाचा प्रश्न स्वच्छ शब्दांत मांडला तो इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सच्या एका पाद्रीने. थॉमस बेझ १७६१मध्ये वारला आणि त्याच्या कागदांत सापडलेला निबंध त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याने रॉयल सोसायटीकडे धाडला. तो १७६३मध्ये तिथे वाचला गेला. बेझची कल्पना साधी आहे. एका सपाट मेजावर चेंडू टाकला, तो कुठे थांबला हे मला दिसत नाही. आता दुसरे चेंडू टाकत राहा आणि मला एवढंच सांगा, पहिल्याच्या डावीकडे थांबला की उजवीकडे. प्रत्येक ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’बरोबर पहिला चेंडू कुठे असावा याचा माझा अंदाज सरकत जातो, आक्रसत जातो. मी काही न बघता बघायला लागतो. प्राइस हा नुसता टपालवाला नव्हता. त्याने निबंधाला प्रस्तावना आणि परिशिष्ट जोडलं, आणि पुढे विम्याच्या हिशेबांत नाव काढलं. शिवाय तोही पाद्रीच. चमत्कारांची साक्ष कधी मानावी यावर तत्त्वज्ञ ह्यूमने घातलेला वाद त्या वेळी ताजा होता, आणि पाद्र्यांना उलट्या अनुमानात रस का वाटला असेल ते सांगायला नको.

बेझचा निबंध धूळ खात पडला. उलट्या वाटेचा हमरस्ता केला तो फ्रेंच गणिती लाप्लासने. १७७४मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्याने ‘घटनांवरून कारणांची संभाव्यता’ अशा मथळ्याचा प्रबंध लिहिला, बहुधा बेझचं नावही न ऐकता. आणि मग तो नुसतं सूत्र मांडून बसला नाही, जन्मनोंदी घेऊन बसला. पॅरिसमध्ये १७४५ ते १७७० या काळात २,५१,५२७ मुलगे आणि २,४१,९४५ मुली जन्मल्याची नोंद होती. मुलगा होण्याची मुळातली शक्यता अर्ध्याहून जास्त आहे असं यावरून कितपत खात्रीने म्हणता येईल? लाप्लासने हिशेब केला : तसं नसण्याची शक्यता इतकी नगण्य की दशांशचिन्हानंतर चाळीसच्या वर शून्यं. याच लाप्लासने उद्या सूर्य उगवेल यावर किती लावावेत तेही काढलं. पाच हजार वर्षांचे १८,२६,२१३ दिवस तो न चुकता उगवलाय, म्हणून एकास १८,२६,२१४. लोक या हिशेबाला अजून हसतात. पण हसणारे त्याच्या पुढचं वाक्य वाचत नाहीत. तो लगेच म्हणतो की ज्याला दिवस-रात्रीमागचं तत्त्व माहीत आहे त्याच्या लेखी हा आकडा याहून कितीतरी मोठा असणार. म्हणजे आधीची माहिती जमेला धरा, हे त्यालाही ठाऊक होतं.

‘इन्व्हर्स प्रोबॅबिलिटी’ हे नाव १८३०च्या दशकात इंग्रज गणिती ऑगस्टस डी मॉर्गनच्या लिखाणात दिसतं. जाता जाता, हा डी मॉर्गन मदुरैला जन्मलेला. पुस्तकी मराठीत ‘व्यस्त संभाव्यता’ म्हणता येईल. मी वर्गात उलटी संभाव्यता म्हणायचो.

मग ती टाकून का दिली? कारण उलट्या वाटेवर निघायला सुरुवातीला एक आकडा हातात लागतो : पुरावा बघायच्या आधीची शक्यता. भोंगा वाजायच्या आधी पोदेर येण्याची शक्यता. लाप्लास म्हणे, काही माहीत नसेल तर सगळ्या शक्यता सारख्या धरा. बूल, व्हेन या तर्कशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच त्यावर बोट ठेवलं. अज्ञान वाटून दिल्याने ज्ञान होत नाही, असं त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगता येईल. घाव घातला तो इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने. १९२५च्या आपल्या पुस्तकात त्याने लिहिलं की उलट्या संभाव्यतेचा सिद्धान्त चुकीच्या पायावर उभा आहे आणि तो पूर्णपणे फेकून द्यायला हवा. त्याच्या जागी त्याने दिली ती कसोटी आज प्रत्येक प्रबंधात असते : परिणाम काहीच नाही असं धरलं, तर एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता किती? पाच टक्क्यांच्या खाली असेल तर दखल घ्या.

नीट बघा, ही पुन्हा सरळ वाट आहे. कारण धरून घ्यायचं आणि परिणामाची शक्यता मोजायची. फिशरचं शास्त्र प्रामाणिक होतं. ते वापरणारे मात्र घरी जाताना उत्तर उलटं करून घेऊन गेले : ‘पाच टक्क्यांच्या खाली, म्हणजे माझा सिद्धान्त पंचाण्णव टक्के खरा.’ ही चूक इतकी पसरली की २०१६मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला निवेदन काढून सांगावं लागलं की या आकड्यावरून सिद्धान्त खरा असण्याची शक्यता कळत नाही. उलट्या वाटेला दारातून हाकललं, ती खिडकीतून आत आली, आणि हिशेब न करता आली.

तिकडे दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या ब्लेचली पार्कमध्ये गणितज्ञ ट्युरिंग आणि त्याचे सहकारी जर्मन नौदलाची सांकेतिक भाषा फोडताना उघडउघड उलट्या वाटेने जात होते. पुराव्याचं वजन मोजायला त्यांनी ‘बॅन’ नावाचं मापही केलं, कारण त्या कामाचे लांबलचक कागद बॅनबरी गावात छापले जायचे. पण हे सगळं गुपित राहिलं. विद्यापीठांत फिशरचे अनुयायी आणि त्यांचे विरोधक भांडत राहिले, आणि जिथे प्राणाशी गाठ होती तिथे काम झालंही होतं.

या भांडणात मी कुणाच्या बाजूचा? वर्गात मी हा प्रश्न टाळायचो. आता निवृत्त झालो, तर सांगतो. फिशरची हरकत योग्य होती, पण ती हरकत आधीचा आकडा हवेतून आणण्याला होती. एखाद्या नव्या सिद्धान्ताची आधीची शक्यता किती, हे खरंच कुणी सांगू शकत नाही. पण एखाद्या राज्यातल्या लग्नाळू तरुणांमध्ये लागण किती, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न नाही. ते मोजता येतं, आणि सरकार दरवर्षी या ना त्या मार्गाने ते मोजतं. ज्या एका आकड्यावरून पंडितांनी दीडशे वर्षं वाद घातला तो इथे कपाटातल्या फाइलीत आहे. तो न बघता सक्ती करायची हे अज्ञान नव्हे, आळस आहे.

हिशेब करून बघू. आकडे मी सोयीचे, गोल घेतो. ज्याला खरे हवेत त्याने खरे घालावेत. समजा वर्षाला २०,००० जण चाचणीला उभे राहिले. हजारात दोघांना लागण आहे असं धरलं, तर ते ४०. चाचणी उत्तम आहे, या चाळिसांनाही पकडते. निरोग्यांपैकी फक्त अर्ध्या टक्क्याला ती चुकून ‘आहे’ म्हणते. उरलेल्या १९,९६० जणांतून असे जवळजवळ १०० निघतात. म्हणजे पहिल्या कागदावर ‘आहे’ असं आलेले १४०, आणि त्यांतले १०० निरोगी. दर दहांमागे तिघेही खरे नाहीत.

यावर जाणकार लगेच म्हणतील, पहिल्या चाचणीवर कुणी निदान करतच नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे लक्षणं नसलेल्या माणसाचं निदान तीन वेगवेगळ्या चाचण्यांनी होतं. बरोबर आहे, आणि ते तसं असण्याचं कारण हीच उलटी संभाव्यता. पहिल्या चाचणीने लागणीची शक्यता हजारात दोनवरून शंभरात अठ्ठावीसच्या आसपास आणली. दुसरी चाचणी आता या अठ्ठाविसावर चालते, दोनावर नाही, म्हणून तिचं म्हणणं जड होतं. पण चाचण्या ‘वेगवेगळ्या’ हव्यात, हा शब्द सोडू नका. एकच चाचणी तीनदा केली तर ज्या रक्ताने तिला एकदा फसवलं ते तिसऱ्यांदाही फसवील. गुणाकार करायचा हक्क घटना एकमेकींपासून सुट्या असतील तेव्हाच मिळतो.

तो हक्क न मिळवता गुणाकार केला तर काय होतं, ते इंग्लंडच्या सॅली क्लार्कला विचारायला हवं होतं; ती २००७मध्ये वारली. तिची दोन तान्ही मुलं एकामागून एक गेली. एका नामांकित बालरोगतज्ज्ञाने, रॉय मेडोने, कोर्टात सांगितलं की अशा घरात पाळण्यात अकारण मृत्यू होण्याची शक्यता ८,५४३त एक, म्हणून दोन मृत्यूंची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. त्याने आकड्याला त्याच आकड्याने गुणलं. एकाच घरातली, एकाच आईबापांची मुलं, आणि म्हणे सुट्या घटना. यापेक्षा मोठी चूक पुढची : ‘निर्दोष असेल तर असं घडण्याची शक्यता नगण्य’ याचा अर्थ लोकांनी ‘असं घडलं, म्हणून निर्दोष असण्याची शक्यता नगण्य’ असा लावला. दोन्ही मुलांचा आईकडून खून, हेही तितकंच विरळ असतं, ते कुणी तराजूत टाकलंच नाही. १९९९मध्ये तिला जन्मठेप झाली. २००१मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर हरकत घेतली. २००३मध्ये ती सुटली.

तेव्हा तीन चाचण्यांनी कागदावरचा प्रश्न सुटतो, हे मी मान्य करतो. पण आपण कागदावर राहत नाही, वाड्यावर राहतो. पहिल्या आणि तिसऱ्या चाचणीमध्ये जे दिवस जातात, ते दोन सह्यांच्या मधले दिवस असतात. आमच्या नात्यातल्या एका मुलाने एकदा गणेशचवथीच्या आधी रक्तदान शिबिरात रक्त दिलं. आठवड्याने फोन आला, ‘येऊन भेटा, काहीतरी आलंय.’ कशाबद्दल ते फोन करणाऱ्याने सांगितलंही, आणि तो फोन मुलाच्या आईने उचलला होता. पुढच्या चाचण्यांत काही निघालं नाही. पण तोवर अकरा दिवस गेले होते, आणि ज्या घरी सोयरिकीची बोलणी चालली होती त्यांनी ‘सध्या घाई नको’ असा निरोप धाडला होता. त्यांना कुणी सांगितलं ते आजवर कळलेलं नाही. नंतर ‘काही नव्हतं’ हे त्यांना कळवायला जायचं कुणी, आणि गेलं तर विश्वास कोण ठेवणार?

गोव्याला तर या कागदाची ताकद चांगली माहीत असायला हवी. १९८९मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात, तेही रक्तदानातूनच, एचआयव्ही सापडला. त्याला पोलिसांकरवी नेऊन म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात एकट्याला डांबलं गेलं, ६४ दिवस. त्याच्या आईने उच्च न्यायालयात धाव घेतली. त्याच्या बाबतीत चाचणी खरी होती, आणि तरीही जे झालं ते झालं. मग चुकून पकडल्या गेलेल्या शंभरांना तरी कुणी जपून वागवील, हे कशावरून?

उलट बाजूची चूकही आहे, तिच्याबद्दल सक्तीवाले बोलतच नाहीत. लागण ताजी असेल तर शरीरात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं तयार होईपर्यंत, काही आठवडे ते तीन महिने, नेहमीची चाचणी ‘नाही’ म्हणते. म्हणजे ज्याच्यापासून सर्वांत जास्त धोका, त्याच्याच हातात सरकारी शिक्क्याचं ‘नाही’ पडू शकतं. आणि लग्नाच्या नंतर काय होईल त्याचं प्रमाणपत्र तर कुठलीच चाचणी देत नाही.

हा प्रयोग कुणी केलाच नाही असंही नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने १९८८च्या जानेवारीपासून लग्नाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची केली. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ जणांची चाचणी झाली. लागण सापडली ८ जणांना. लोकांच्या खिशातून गेले अंदाजे २५ लाख डॉलर. लग्नाचे परवाने २२.५ टक्क्यांनी घटले, कारण जोडपी सरळ शेजारच्या राज्यात जाऊन लग्न करायला लागली. १९८९मध्ये कायदा मागे घेतला. आपल्याला तर उत्तरेला सावंतवाडी, दक्षिणेला कारवार. पेट्रोलही फार लागणार नाही.

सक्तीच्या बाजूचा खरा जड मुद्दा एकच आहे, आणि तो आकड्यांचा नाही. लागण लपवून लग्न केलेल्या नवऱ्यामुळे आयुष्य पणाला लागलेल्या बायका आहेत. त्यांच्यासमोर मी हा लेख वाचून दाखवू शकेन का? शंभर निरोग्यांना अकरा दिवस ताप झाला तर होऊ दे, एक मुलगी वाचली तर पुरे, असं कुणी म्हटलं तर ते ऐकून घ्यावं लागेल. दुकानदार आधी पोती उचलतात आणि चौकशी मागाहून करतात, तेही शहाणपणच. पण पोतं चुकून वर गेलं तर संध्याकाळी खाली ठेवता येतं. फुटलेली बातमी कुठे ठेवणार? त्या मुलीला वाचवायचं तर तिला चाचणी मागायची भीड वाटणार नाही असं करावं लागेल, दोघांनी मिळून, विनामूल्य, समुपदेशकासमोर बसून. सरकारी केंद्रांत ही सोय आहे. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने चाचणीला समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक धरली आहे. सक्तीत ती संमतीच जाते, आणि लपवणारा सावंतवाडीची गाडी पकडतो.

मला खरं तर गोव्याने याबाबतीत अधिक चांगलं काहीतरी करावं असं वाटतं, कारण उलट्या वाटेचा एक थोर वाटाड्या आपला होता. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७मध्ये गोव्यातल्या कोसबेंत जन्मले. इतिहासकार म्हणून सगळे त्यांचं नाव घेतात, पण ते मुळात गणिती. प्राचीन भारतातली चांदीची आहत (ठसे मारलेली) नाणी त्यांनी तराजूवर घेतली, हजारोंनी. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. म्हणजे वजनावरून ते किती काळ फिरलं ते उलटं काढता यावं. पण त्यांनी वजन बघून सरळ वर्षं सांगितली नाहीत. आधी आपल्या काळातली चालू नाणी तोलून झीज कशी होते ते तपासलं. पाठीमागच्या बारीक ठशांची संख्या वाढते तसं सरासरी वजन घटतं, हे बघितलं. टाकसाळीतून निघतानाच नाण्यांच्या वजनात किती फरक असायचा, तेही जमेला धरलं. एका नाण्यावरून त्यांनी कधी निकाल दिला नाही, ढिगावरून दिला. एका नाण्याचं वजन कमी भरलं तर ते जुनं असेल, नाहीतर मुळातच हलकं पडलेलं असेल. सांखळीच्या पुलाखालचा ओंडका तो हाच.

म्हणून माझी मागणी लहान आहे. लग्न असो, नोकरी असो, वाहनचालकांच्या तपासण्या असोत की यात्रेतल्या गर्दीत चेहरे ओळखणारे कॅमेरे : सरसकट तपासणी सक्तीची करायचा प्रस्ताव जो आणील, त्याने प्रस्तावाच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहावी. ‘या तपासणीत जे शंभर जण सापडतील, त्यांतले अमुक खरे असतील.’ चाचणी ९९ टक्के अचूक, ही जाहिरात नको. ती सरळ वाट आहे, ती कंपनी सांगतेच. मला शंभरातले किती, ते हवंय. ती ओळ लिहायला बारावीचं गणित पुरतं.

गेल्या चवथीला गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं सामान घ्यायला फोंड्याच्या बाजारात गेलो होतो. माझा एक जुना विद्यार्थी भेटला, आता सरकारी नोकरीत आहे. हातात नारळ, सुपाऱ्यांचा घोस, आणि तावातावाने म्हणाला, ‘सर, काही म्हणा, लग्नाआधी सक्ती हवीच.’ मी विचारलं, ‘ते एचआयव्हीचं उदाहरण आठवतं? लागण ०.१ टक्का?’ त्याने एक क्षणही घेतला नाही. ‘शून्य पूर्णांक शून्य आठ तीन. परीक्षेला आलं होतं, पूर्ण मार्क होते मला.’

‘मग?’

तो थांबला. घोस या हातातून त्या हातात घेतला. ‘पण सर,’ तो म्हणाला, ‘ते गणितातलं होतं.’